बोंडूची मान

सोमवारी पहाटे पिंजऱ्यात काहीतरी आपटत होतं.
मला वाटलं, मुंगूस शिरलं.
दिवा लावला तर बोंडू
स्वतःभोवती लोळत होता, पिळल्या फडक्यासारखा,
मान इतकी वळलेली
की एक डोळा जमिनीला, एक छपराला.
आणि डोळे थांबतच नव्हते,
वाळूवरच्या कुर्ल्यांसारखे आडवे पळत होते,
बीळ न सापडलेले.

वेंगुर्ल्याच्या सरकारी दवाखान्यात दोन म्हशी, एक बोकड.
कंपाउंडर म्हणाला, सशाचं आमच्याकडे नाही,
कुडाळला न्या.
आंब्याच्या क्रेटमध्ये जुन्या परकराची घडी घातली
नि एसटी धरली. मठच्या वळणांवर
दोन्ही हातांनी त्याला दाबून बसले.
मला वळणं तेवढी वळणं,
त्याला सरळ रस्ताही वळणच.

डॉक्टर पडवळ, तरुण मुलगी, कपाळावर टॉर्च.
म्हणाली, बाहेरचा कान स्वच्छ आहे,
दुखणं आतल्या कानात,
तोल राहतो तिथे.
मला तोवर वाटायचं, तोल पायांत असतो.
महिनाभर औषध, कदाचित दोन.
मान सरळ होईलच असं नाही,
पण खाणं थांबता कामा नये.
सशाचं पोट एकदा थांबलं की थांबलं.

तर आता असं चाललंय.
दोन्ही बाजूंना टॉवेलच्या सुरळ्या,
लादीवर गोणपाट, पाय घसरू नयेत म्हणून.
उचलायचं ते छातीशी घट्ट,
आधी हात लावून, नाव घेऊन.
सकाळ-संध्याकाळ पिचकारी, सुई काढलेली,
ओठाच्या कडेने, थेंब थेंब,
घाई केली तर ठसका.
मुळ्याचा पाला वाटून, कोथिंबीर वाटून,
खालचा डोळा नीट मिटत नाही, त्यात मलम,
मिशांना चिकटलेलं हिरवं ओल्या कापसाने.
मग लेंड्या मोजायच्या.
हसू नका.
बुधवारी नऊ होत्या. शुक्रवारी चार,
त्या रात्री मला जेवण गेलं नाही.
रविवारी एकतीस!
कुंपणावरून फिलोमिनला हाक मारून सांगितलं.
"एकतीस काय गो? बांगडे?"

बाबा चाळीस वर्षं ट्रॉलरवर,
दोन्ही कान इंजिनाने नेलेले.
त्यांना काय सांगणार, आणि किती ओरडून.
चार दिवस पडवीतून नुसते बघत होते.
पाचव्या दिवशी मी भांडी घासून आले तर
बोंडू त्यांच्या पोटावर,
पाठीवर त्यांचा राठ तळवा,
आणि बाबा घुमत होते. गाणं नव्हे,
बोट नांगरावर असताना इंजिन घुमतं तसं,
ज्याचं त्यालाच ऐकू न येणारं.
डोळ्यांची पळापळ मंदावली होती.
"होडी कलली काय पायाखाली बघूचा नाय,"
मोठ्याने म्हणाले, बहिरी माणसं बोलतात तसं,
"एक जागा धरून ऱ्हवूचा."

ससा खरं तर कौस्तुभचा,
पिकल्या काजूच्या रंगावरून नाव त्यानेच ठेवलेलं.
तो रत्नागिरीला, आयटीआयच्या होस्टेलवर.
रोज विचारतो, मान सरळ झाली?
मी म्हणते, होतेय.

काल व्हिडिओ लावला. नववा आठवडा.
बोंडू आता लोळत नाही,
गोल गोल का होईना, चालतो.
ताटलीकडे जायचं तर आधी उजवीकडे निघतो
नि डावीकडे ओढला जात जात
बरोबर ताटलीवर पोचतो,
वाऱ्यात खाडी ओलांडणाऱ्या पगारासारखा.
मान तशीच.

कौस्तुभ बराच वेळ बोलला नाही.
मग पडद्यावर हळूच त्याचंच डोकं कललं,
कान खांद्याला टेकेपर्यंत.
"आता सरळ दिसता गे," म्हणाला.

मागून बाबा ओरडले, "काय म्हणता तो?"
मी पिचकारी धुवायला घेतली.
आज सव्वीस.